जिवाणी

चंदनाबाईंनी घरच्या नळाची घागर दुहेरी फडक्यातून गाळली. फडकं हलक्या हातानं उलटं केलं आणि गाळलेल्याच पाण्याची धार धरून ते तांब्यात विसळलं. तांब्यात उतरलं ते दिसायला नुसतं पाणी. पण फडक्यात अडकलेले, डोळ्यांना न दिसणारे जीव त्यात असतात, ती जिवाणी. जिथलं पाणी, तिथंच ती परत सोडायची, ही जैनाघरची रीत. तांब्या उंबऱ्याशी ठेवून त्या भरमाची वाट बघत बसल्या.

बाबगोंडा पडवीत दाढी करत होता. आईचा तो तांब्या दिसला की त्याचा जीव भांड्यात पडायचा. गावात नळ त्यानंच आणला होता ना! मागच्या उन्हाळ्यात पटकीनं गल्लीतली धडधाकट माणसं नेली, तेव्हा हा म्युनिसिपालटीचा मेंबर हट्टालाच पेटला. गल्लीतली विहीर फरशा टाकून बंद केली, तळ्यावरून नळ आणला, बेळगावहून साहेब येऊन तोटी फिरवून गेले. गाव खूश. आणि घरात आई त्या पाण्याला शिवेना!

"जिवाणी कुठं सोडू रं? तोटीत?"

म्हातारी घागर घेऊन मळ्यातल्या विहिरीवर जायला लागली. वाटेत पडली, गुडघा फोडून घेतला, तरी जायचं सोडीना. दिव्याखाली अंधार, म्हणून नळावरच्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. शेवटी तोड काढली ती भरमानं. तो म्युनिसिपालटीचा पाणीवाला; सकाळी गल्लीला पाणी सोडून मग तळ्यावर जायचा.

"आक्का, म्या जातोयच की तळ्याकडं. द्या हिकडं, सोडतो तिथं."

तेव्हापासून तांब्या रोज भरमाच्या हातानं तळ्यावर जायचा, आणि चंदनाबाई नळाचं पाणी प्यायच्या. घर निवांत झालं होतं.

आज सकाळी शेजारची मनुबाई कळशी घेऊन नळाकडं जाता जाता दारात थांबली. पलीकडच्या गावात पटकी आल्याचं तिनं सांगितलं आणि ती पुढं गेली. चंदनाबाईंचा चेहरा उतरला.

"बाबू, आपल्या पाण्याला काय भ्या न्हाई न्हवं?"

बाबगोंडाच्या एका गालाची दाढी झाली होती, दुसऱ्याला फेस होता. त्यानं मोठ्या ऐटीत वस्तरा वर धरला.

"अव्वा, बिनघोर ऱ्हा. तळ्यात रोज औषधाची पूड पडतीया. एक जीव जित्ता ऱ्हायचा न्हाई त्यात!"

बोलून गेला, आणि मग त्याला स्वतःचंच बोलणं ऐकू आलं. पूड आणि तांब्या, दोन्ही त्याला ठाऊक होतं. पण या दोन गोष्टींची गाठ त्याच्या डोक्यात कधी पडलीच नव्हती.

चंदनाबाई तांब्याकडं बघत होत्या.

"कवापासनं?"

"नळ आल्यापासनं."

"घालतंय कोण?"

"भरमा."

"त्येला सांगितलं कुणी?"

बाबगोंडानं वस्तरा पुसला. पुसलेला परत पुसला.

"म्या."

तेवढ्यात भरमा दारात आलाच. "आक्का, तांब्या द्या."

"ऱ्हाऊ दे भरमा. आजपासनं नगं."

भरमानं एकदा आईकडं, एकदा लेकाकडं बघितलं आणि तो तळ्याकडं निघून गेला. चंदनाबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या. गाळलेलं पाणी त्यांनी परसातल्या केळीला ओतलं, रिकामी घागर कमरेवर घेतली आणि तांब्या उचलला.

"हे मळ्याच्या हिरीत सोडते. पाणी परकं हाय, पर ह्यात वाचलेलं जीव जगतील तरी."

"अव्वा, माणसं मरत हुती गं."

"व्हय रं. तुझं चुकलं असं कुठं म्हणते मी? तू गाव राख. माझं मी बघते."

त्या दोन पायऱ्या उतरल्या आणि फुटका गुडघा धरून थांबल्या. बाबगोंडा उठला. त्यानं त्यांच्या कमरेवरची घागर काढून आपल्या खांद्यावर घेतली आणि हातातला तांब्याही घेतला.

"बस तू."

"आरं, तोंड तरी धू!"

तो गल्लीच्या तोंडाशी पोचला तेव्हा नळावर गर्दी होती. खांद्यावर घागर, एका गालाला वाळलेला फेस घेऊन आलेला मेंबर बघून बायकांनी एकमेकींना कोपरखळ्या दिल्या. मनुबाईला मात्र राहवलं नाही.

"अण्णा, घरच्या नळाला पाणी न्हाई आलं व्हय?"

"आलंय की. लई चांगलं पाणी हाय. भरा तुम्ही."

जिवाणी सांडू नये म्हणून त्यानं तांब्याच्या तोंडावर तळहात धरला आणि तो मळ्याच्या वाटेला लागला.