ओलेगारिओची घोडी आणि लपवलेला आकडा

"सांगितलं तर कोणाचा विश्वास बसणार नाही, म्हणून मी गप्पच बसणार होतो," असं म्हणून ओलेगारिओ तेचेराने हातातला माते, तो कडू पाल्याचा चहा, खळखळून संपवला आणि गप्प बसण्याचा बेत तिथेच सोडून दिला.

गावाबाहेरच्या दुकानात, मीठ-साखरेच्या पोत्यांवर टेकून, पाच-सहा जण बसले होते. दुसऱ्या दिवशी घोडेस्वारांची मिरवणूक होती. घोडेस्वार मंडळाचा झेंडा तीस वर्षं ओलेगारिओच्याच हातात होता; पण झेंडेकऱ्याचं जनावर स्वतःच्या मालकीचं हवं, हा जुना नियम. त्याचा घोडा जूनच्या, म्हणजे तिकडच्या ऐन हिवाळ्याच्या, गारठ्यात मेला. झेंडा त्याच्याकडे ठेवायचा की दुसऱ्याला द्यायचा, हे मंडळाचा प्रमुख वॉशिंग्टन सिल्वेरा आज ठरवणार होता.

ओलेगारिओकडे दुसरं जनावर नव्हतंच. मंगळवारी फोनवरच्या लिलावात एक करडी घोडी निघाली होती, ओलेगारिओने लोकरीचे सगळे पैसे लावले आणि ती हातची गेली. पण नदीपलीकडचा चुलतभाऊ तसलीच करडी दोन दिवस उसनी द्यायला तयार होता. तीच लिलावातली म्हणून दाखवली की झालं, मग कशाची फिकीर?

घोडी फोनवरच्या लिलावात जिंकली, असं ओलेगारिओने सांगताच वॉशिंग्टनने विचारलं, फोनवर बोली लावायला दिवसभर डोळे फोडत बसावं लागतं का. ओलेगारिओ हसला. अरे, तिथे आपण फक्त आपला शेवटचा आकडा यंत्राच्या कानात सांगून यायचं. यंत्र तो कोणाला कळू देत नाही. समोरचा जितका चढेल त्याच्यावर एक पायरी, हजाराची, तेवढंच ते आपल्या वतीने चढतं. समोरचा थांबला की तेही थांबतं. शहाणा नोकर बाजारात पाठवल्यासारखं.

"आणि तू कानात किती सांगितलेस?"

"एक लाख पेसो."

पोत्यावरचा एक जण खोकला. ओलेगारिओ थांबायला तयार नव्हता. तो कुंपणाच्या तारा ओढत असताना साल्तो शहराकडच्या कुठल्याशा श्रीमंताने त्याच्याशी झुंज घेतली. पायरीमागून पायरी, फोन इतका तापला की त्याच्यावर मातेचं पाणी उकळून घेतलं. फोटोतली घोडी ओलेगारिओचं नाव दिसलं की कान टवकारायची. शेवटी श्रीमंत एकोणचाळीस हजारांवर धापा टाकत बसला आणि चाळीसला घोडी आपली झाली. लाखातले साठ हजार तसेच शाबूत.

वॉशिंग्टनने मान हलवली. एवढं बारीक सांगणारा माणूस खोटं कशाला बोलेल, असं त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. उद्या झेंडा ओलेगारिओच धरील, असं म्हणायला त्याने तोंड उघडलं.

तेवढ्यात कोपऱ्यात बसलेल्या डेलमिरा ओलिवेराने पावाचा तुकडा खाली ठेवला. ती खोगिरं शिवायची, बोलायची कमी.

"लेचूसा नावाची करडी ना? डाव्या पायाला मोज्यासारखा पांढरा पट्टा?"

"तीच," ओलेगारिओ ऐटीत म्हणाला.

"तिच्यावर मी साठ हजार लिहिले होते. तुझे लाख खरे असते तर माझे साठ संपवून यंत्र एकसष्टवर गेलं असतं आणि घोडी एकसष्टला तुझी झाली असती. चाळीसला ती कोणालाच मिळाली नसती." तिने बोटांवरचं पीठ झटकलं. "बोली अठ्ठेचाळीसवर थांबली. म्हणजे माझ्या खालोखाल बोली लावणाऱ्याचा शेवटचा आकडा सत्तेचाळीस होता. तो तूच असशील, तर बोली माणसासारखी लावलीस. पण घोडी तुझी आहे हे खोटं आहे, ओलेगारिओ. ती सकाळपासून माझ्या कुंपणात चरतेय."