अर्थिंगची वायर

"अहो जयसिंग, आज भाषण ठेवलंय. पिठाची गिरणी नाही," सोसायटीचे सेक्रेटरी श्रीधरराव म्हणाले.

कोथरूडच्या त्या अंगणात स्पीकर मघापासून गुरगुरत होता. जयसिंगने बटणं फिरवली, आवाजाच्या मशीनला दोन चापट्या मारल्या. गुरगुर काही थांबेना. आपलं जुनं मशीन बदल्यात देऊन हे त्याने गेल्याच आठवड्यात जुन्या सामानाच्या बाजारातून उचललं होतं. कुठल्याशा बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राचं असावं. मालकाचं नाव खरवडलेलं, एका बटणाच्या जागी पेनचं टोपण, आणि आत शॉक बसू नये म्हणून असते ती अर्थिंगची वायर कापलेली. कुणी कापली, विचारल्यावर विकणारा दुसऱ्याच गिऱ्हाइकाशी बोलायला लागला. तरी जयसिंगचा जीव त्यावर जडला. असलं मशीन अख्ख्या धायरीत कुणाकडे नव्हतं. घरी येऊन त्याने वायर नीट जोडली आणि तेव्हापासून ते गुरगुरायला लागलं.

"आज आवाज चांगला लागला, तर गणपतीचे सगळे दिवस तुमचे," श्रीधररावांनी आधीच सांगून ठेवलं होतं. डीजेवाल्यांच्या राज्यात त्याच्या दोन स्पीकरांना हल्ली कोण विचारत होतं? हे काम गेलं तर धंदाच गुंडाळावा लागणार होता.

जयसिंग टेबलामागे वाकला आणि त्याने ती अर्थिंगची वायर पुन्हा सोडवली. गुरगुर एकदम बंद.

"हां! आता माणसासारखं बोलतंय," श्रीधरराव खूश झाले.

सगळेच स्पीकरवाले कधी ना कधी असं करतात, पायात चपला असल्या की काही होत नाही, अशी जयसिंगने स्वतःची समजूत घातली.

मग सरोजिनीबाई आल्या. निम्म्या सोसायटीला त्यांनी शाळेत शिकवलेलं; आज त्यांच्या पंचाहत्तरीचा सत्कार होता. दिवा लावायचा म्हणून त्यांनी चपला काढल्या. पाठोपाठ सगळ्यांनीच काढल्या, जयसिंगनेही. रांगोळीसाठी अंगण नुकतंच धुतलं होतं. ओल्या फरशीवरून जाऊन त्याने माइकची दांडी धरली मात्र, बोटांपासून कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या.

तो धावत जाऊन तळमजल्यावरच्या घरातून लाकडी पाट घेऊन आला. "बाई, ह्याच्यावर उभं ऱ्हावा. मानाचं हाय."

"माझं औक्षण सकाळी झालंय," बाई म्हणाल्या, पण चढल्या.

"आन् माइकला हात नका लावू."

"का? उष्टा होईल?"

लोक हसले. जयसिंग मशीनपाशी जाऊन बसला. प्लगवर हात आणि डोळे बाईंच्या पावलांवर. भाषणातलं एक अक्षर त्याच्या कानात शिरत नव्हतं. म्हातारं माणूस, केवढासा जीव. आपण काय करून बसलो हे!

बोलता बोलता बाई रंगल्या आणि पाटावरून खाली उतरल्या. गुडघे दुखत असावेत. आधारासाठी त्यांचा हात दांडीकडे गेला.

जयसिंगने प्लग ओढला.

"वीज गेली वाटतं!" श्रीधरराव उठून म्हणाले.

सुटकेचा रस्ता आयता समोर आला होता. मान हलवायची, गुपचूप वायर जोडायची आणि गुरगुरीचं खापर विजेवर फोडायचं. जयसिंगच्या ओठांवर 'व्हय' आलंसुद्धा.

"आली की सांगा हं," दांडी घट्ट धरून बाई त्याला म्हणाल्या. "मी अशीच उभी राहते."

त्याला ते ऐकवेना.

"वीज हाय, बाई. माइकात करंट येत व्हता. सोडा ती दांडी. वायर मीच काढली व्हती... आवाज चांगला यावा म्हून."

बाईंनी हात काढून घेतला आणि पदराखाली धरला.

"काय झालं?" मागून कुणीतरी ओरडलं. "इकडे काही ऐकू येत नाहीये!"

सगळ्यांनी जयसिंगकडे पाहिलं. तो उठला, खुर्च्यांच्या मधून अनवाणी पार मागपर्यंत चालत गेला, घसा खाकरला आणि पहिल्यापासून, मोठ्याने सांगायला लागला.