कोणी कोणाला वर आणलं

कप्तान हे नाव त्याला कॉलेजात पडलं आणि पन्नाशी उलटली तरी मित्रांच्या तोंडी तेच राहिलं. सहल कुठे काढायची, कोणी कोणती खोली घ्यायची, जेवायला कधी बसायचं, सगळं तोच ठरवणार. यंदा त्याने बेटांवर स्कूबा डायव्हिंगला जायचं ठरवलं. चार जोडपी, सहा दिवस.

त्याची बायको प्रयोगशाळेत रक्त घ्यायचं काम करायची. दिवसभर सुया, बाटल्या आणि घाबरलेल्या माणसांचे दंड. पोहायला ती चाळिशीनंतर शिकली. सहल ठरल्यावर डायव्हिंगच्या प्रशिक्षणाचा एकही तास तिने बुडवला नाही. कप्तानाने चार बुडवले. "बारा वर्षांपूर्वी केलंय मी हे. सायकल कोणी विसरतं का?" तो म्हणाला.

पहिले दोन दिवस छान गेले. पाण्यात शिरलं की तिच्या डोक्यातला सगळा गोंगाट थांबायचा. कोणी हाक मारत नाही, कोणी काही मागत नाही, आपलाच श्वास आपल्याला ऐकू येतो. सहलीतल्या दंतवैद्य मित्राची बायको, जिला सगळे माई म्हणत, तिला म्हणालीसुद्धा, "अगं, तू तर मासोळीच झालीस!"

तिसऱ्या दिवशी सगळे अठरा मीटर खाली गेले. प्रशिक्षिका पुढे, तिच्यामागे तीन जोड्या, शेवटी कप्तान आणि ती. प्रवाळांच्या भिंतीपाशी कप्तानाचा पाय कशाला तरी अडकला. पाय सोडवण्याच्या झटापटीत मास्क सरकला आणि त्यात पाणी शिरलं. मास्क कसा रिकामा करायचा ते त्याला आठवेना. पाय अडकलेलाच आणि डोळ्यांपुढे नुसतं पाणी. त्याने हातपाय झाडायला सुरुवात केली, स्वतःच्या तोंडातली हवेची नळी थुंकली आणि झडप घालून बायकोच्या तोंडातली नळी ओढून घेतली.

क्षणभर तिलाही काही सुचलं नाही. मग तिचा हात आपोआप छातीपाशी गेला. तिच्या सिलिंडरला जोडलेली जादा नळी तिथे होती. ती तोंडात घालून तिने श्वास घेतला; आता दोघंही तिच्याच सिलिंडरवर होते. त्याचा पाय सोडवला. त्याचा पट्टा घट्ट धरला, मास्क त्याच्या डोळ्यांवर नीट बसवला आणि प्रयोगशाळेत सुईला घाबरलेल्या माणसाकडे बघावं तसं सरळ त्याच्या डोळ्यांत बघत राहिली. तो वर सुटायची धडपड करत होता. तिने त्याला दाबून धरलं आणि हळूहळू वर आणलं. एकदम वर येणं धोक्याचं म्हणून पाच मीटरवर थांबायचं असतं, तिथे ती त्याला धरून तीन मिनिटं थांबली. त्याची नखं तिच्या दंडात रुतली होती.

बोटीवर पोहोचताच तिला खोकल्याची उबळ आली. बोलणं शक्यच नव्हतं. तेवढ्यात बाकीचेही वर आले.

"काय झालं रे?" दंतवैद्याने विचारलं.

"काही नाही," कप्तान म्हणाला. तोंड पांढरंफटक, पण आवाज ठणठणीत. "ही घाबरली. वर आणावं लागलं."

तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

प्रशिक्षिका दोघांची सिलिंडरं तपासत होती. "यांची हवा बरीच उरलीय. तुमची मात्र संपतच आलीय," ती तिला म्हणाली.

"घाबरलं की माणूस हवा पितोच," कप्तान पटकन म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या. कोणीतरी त्याची पाठ थोपटली, कोणीतरी तिच्या अंगावर टॉवेल टाकला.

"अहो, नळी तुम्ही ओढलीत माझी," ती कशीबशी म्हणाली.

"बरं बरं, आधी शांत हो," तो सगळ्यांकडे बघत हसला. "धक्का बसलाय तिला."

दुपारी जेवणानंतर ती माईला धक्क्यावर घेऊन गेली. माई त्यांच्या पुढेच होती आणि पाण्याखालचा कॅमेरा तिच्याकडे होता.

"माई, तुम्ही मागे वळून बघितलंत ना? दिसलं ना तुम्हाला?"

माईने चपलेतली वाळू झटकली. मग दुसऱ्या चपलेतली.

"दिसलं," ती म्हणाली. "व्हिडिओसुद्धा आला होता. मी पुसला तो."

"का?"

"अगं, चार माणसांत त्याची शोभा झाली असती. तीस वर्षांची मैत्री आहे यांची. आणि तू सुखरूप आहेस ना? मग झालं तर. आपणच सांभाळून घ्यायचं असतं."

"मी सांभाळूनच आणलं त्यांना, माई. अठरा मीटरवरून."

माईने तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने तो झटकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कप्तानाने परस्पर प्रशिक्षिकेला सांगितलं की बायकोची तब्येत बरी नाही, ती पाण्यात उतरणार नाही. तिला हे कळलं तेव्हा बोट सुटायच्या बेतात होती. ती धक्क्याच्या पायऱ्यांवरून ओरडली, "मला यायचंय!" प्रशिक्षिकेने कप्तानाकडे बघितलं. "कुटुंबाची हरकत असेल तर मी जबाबदारी घेऊ शकत नाही," ती मान खाली घालून म्हणाली.

"मग तुम्ही तरी कुठे उतरताय?" तिने साध्या कपड्यांतल्या नवऱ्याला विचारलं.

"माझा कान दुखतोय," तो म्हणाला. "मी बोटीवरून लक्ष ठेवतो."

उरलेले दिवस तिने खोलीच्या पुढच्या खुर्चीवर काढले. समोर समुद्र, घोट्यापर्यंत हिरवा, पुढे निळा. एकदा ती कमरेइतक्या पाण्यात जाऊन उभी राहिली आणि परत आली.

घरी आल्यावर गोष्टीला पाय फुटले. दर खेपेला कप्तानाच्या सांगण्यात समुद्राची खोली वाढायची. अठराचे पंचवीस मीटर झाले, मग तीस. ती दोनदा मध्ये बोलली. दोन्ही वेळा ऐकणारे तिच्याकडे प्रेमाने बघून हसले. तिसऱ्यांदा ती उठून आत गेली.

रविवारी हॉस्टेलवरून लेकीचा फोन आला.

"आई, केवढी घाबरले मी ऐकून! बाबा नसते तर काय झालं असतं गं?"

"बाबांना मी वर आणलं," ती म्हणाली. "ऐक नीट. त्यांचा मास्क भरला होता. माझी नळी त्यांनी ओढून घेतली. मी त्यांना धरून वर आणलं."

लेक हलक्या आवाजात, समजूत काढावी तशी म्हणाली, "आई, असू दे. घाबरणं काय वाईट असतं का? कोणीही घाबरतं. तू आता त्याचा विचार करू नकोस."

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बाबा आहेत का? त्यांना दे ना जरा."

तिने फोन नेऊन त्याच्या हातात दिला आणि दार ओढून घेतलं. तरीही आतून त्याचं हसणं ऐकू येत होतं.