पुलावरून पळणारा ईरण्णा

मी एक जुना टीव्ही आहे. जळकोटला, हमरस्त्यालगतच्या कुलदीपच्या घरात भिंतीवर असतो. माझ्या डाव्या कडेला आता हिरवी रेघ दिसते. घरातली माणसं बहुतेक वेळ मोबाईलमध्येच असतात. पण मित्रांनो, सोयाबीनची रास झाल्यावर कुलदीपनं मला धाराशिवहून आणलं, तेव्हा गल्लीत एवढा मोठा पडदा कुणाकडेच नव्हता. शेजारच्या सिताबाईंनी मला हळदकुंकू लावलं होतं.

त्यांचा मुलगा ईरण्णा, हनुवटीवर लहानपणीचा भाजल्याचा डाग असलेला, तेव्हा नुकताच हैदराबादेहून परतला होता. तिथं तो सिनेमात गर्दीतली कामं करायचा. "त्या सुपरहिरोच्या पिक्चरमधी म्या हाय," तो सांगायचा. "पूल कोसळतो बघा, तिथं म्हातारीला पाठीवर घिऊन पळतो."

एका रविवारी दुपारी तो सिनेमा टीव्हीवर लागला. सगळी गल्ली माझ्यासमोर बसली. सिताबाई नवं लुगडं नेसून आल्या होत्या. पूल कोसळला, सुपरहिरो उडत आला, जाहिराती लागल्या. ईरण्णा काही दिसला नाही.

"काय ईरण्णा, म्हातारीसंगट तूबी वाहून गेलास व्हय?" कुलदीप म्हणाला. सगळे हसले.

"कापलं असंल," ईरण्णा पुटपुटला. तेव्हा तर जास्तच हसले. सिताबाई मान खाली घालून उठून गेल्या. त्या दिवसापासून पोरंसोरं त्याला 'हिरो' म्हणून चिडवू लागली. त्यानं टेम्पो चालवायला घेतला आणि आमच्या घरी येणं सोडलं.

यंदा उन्हाळ्यात कुलदीपची मुलगी हर्षाली कॉलेजच्या सुट्टीत घरी आली. तिनं इंटरनेटवरून तोच सिनेमा लावला, पण कापलेले सगळे प्रसंग परत घातलेला आणि फोरकेमध्ये. इतकं स्वच्छ चित्र दाखवायची ताकद माझ्यात पहिल्यापासून होती, कुणी ती वापरलीच नव्हती. पुलाचा दगड न् दगड दिसत होता. धुरळ्यातून एक माणूस पळत आला. पाठीवर म्हातारी, हनुवटीवर भाजल्याचा डाग.

हर्षालीनं चित्र थांबवलं. "पप्पा, हे तर ईरण्णाकाका!"

कुलदीप तसाच उठून शेजारी गेला. ईरण्णा भाडं घेऊन तुळजापूरला गेला होता. सिताबाई आल्या.

"काकू, लई चुकलं आमचं," कुलदीपनं त्यांचे पाय धरले. "खरं बोलणाऱ्याला समद्यांम्होरं हसलो."

सिताबाई माझ्याजवळ आल्या आणि काचेवरून, लेकाच्या वर आलेल्या गळ्याच्या हाडांवरून, खपाटीला गेलेल्या पोटावरून बोट फिरवू लागल्या.

"फोनवर म्हनायचा, आई, दोन टाइम पोटभर जेवतो," त्या म्हणाल्या. "तेवढंच खोटं बोललं माझं लेकरू."

मला विझून जावंसं वाटलं. पण आम्हाला आपल्या मर्जीनं डोळे मिटता येत नाहीत.

सांजच्याला टेम्पो आला. गल्ली दारादारांत उभी होती. आधी कुणी बोलावं ते कळेना. शेवटी कुलदीपचा आवाज खिडकीतून माझ्यापर्यंत आला. "ईरण्णा, आज आमच्याकडं जेवायला ये की."

"आईनं सैपाक केलाय," ईरण्णा शांतपणे म्हणाला आणि आत गेला.

मित्रांनो, आमच्यावरची धूळ ओल्या फडक्यानं पुसू नका, एवढं तर तुम्हाला कुणीही सांगेल. माझं मागणं दुसरंच आहे. पडद्यावर दिसलं नाही म्हणून कुणाच्या सांगण्याला हसू नका. मी पुरावा उशिरा का होईना दाखवू शकलो; पण त्या दुपारी उठून गेलेल्या आईला मला परत बोलावता आलं नाही.