बकारामने मोडलेली खुंटी

मित्रांनो, गाडीचे चाक काढल्याशिवाय माझी गरज कुणाला पडत नाही, म्हणून तुम्ही मला पाहिले नसेल. मी लोखंडाचे एक जुने अवजार आहे. एका टोकाला आडवा दांडा, मध्ये जाड स्क्रू आणि दुसऱ्या टोकाला दोन खुंट्यांची चकती, एवढेच माझे रूप. चाकामागे ब्रेकचे पॅड असतात आणि त्यांना दाबणारा एक पिस्टन असतो. पॅड झिजतात तसा तो पुढे सरकतो. नवे जाड पॅड बसवायचे तर त्याला मागे न्यावे लागते. काही गाड्यांच्या मागच्या चाकांचा पिस्टन नुसता दाबून जात नाही, दाबता दाबता फिरवावा लागतो. तेच माझे काम.

आमगावात लोकेंद्र आणि बकाराम या दोन मित्रांचे भागीदारीतले गॅरेज आहे. लोकेंद्र शांत, बोटांनी काम करणारा. बकाराम अंगाने दांडगा. लोकेंद्रने मला नागपूरहून आणले तेव्हा बकाराम हसला होता. "एवढ्याशा कामाले हे कायले? आपला दाबाचा सी-क्लॅम्प आहे ना." पण पहिल्याच गाडीत मी पिस्टन अलगद मागे नेला आणि त्या दिवसापासून तोच मला फडक्याने पुसून खिळ्याला टांगू लागला. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग एका उन्हाळ्यात हेमेंद्र नावाचे गिऱ्हाईक आले. बहिणीचा साखरपुडा बालाघाटला होता आणि नवी लुगडी नेसलेल्या बायका गॅरेजच्या सावलीत बसल्या होत्या. "पॅड टाकून द्या, लगेच निघायचं आहे," हेमेंद्र म्हणाला.

लोकेंद्रने मला लावून फिरवले. पिस्टन जागचा हलेना. त्याच्यावरचे रबर फाटले होते आणि आत पाणी जाऊन गंज चढला होता. "आत धरलं आहे. थांब, जबरदस्ती नको करू," असे बकारामला सांगून लोकेंद्र नवा भाग कुठे मिळतो ते फोनवर विचारायला बाहेर गेला. इकडे हेमेंद्र सारखा घड्याळ पाहत होता. बकारामला राहवले नाही. त्याने माझ्या दांड्यावर लांब पाइप चढवला आणि सगळे अंग टाकले. कडकन माझी एक खुंटी मोडली.

आवाज ऐकून लोकेंद्र धावत आला. सगळ्यांसमोर तो बोलून गेला, "तुझ्या अंगात जोर आहे फक्त, डोस्कं नाई."

बकारामने पाइप खाली ठेवला.

"जुनेच पॅड लावा, हळू चालवीन मी," हेमेंद्र म्हणाला.

"नाई. असं चाक लावून मी गाडी सोडत नाई," लोकेंद्रने सांगितले.

तेव्हा बकारामने गॅरेजच्या जुन्या जीपची किल्ली घेतली. "चला, मी सोडून देतो." त्याने सगळ्यांना वेळेवर बालाघाटला पोहोचवले, जीप परत आणून लावली आणि दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही. गावी धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या शेतात, तो कामाला लागला, असे कानावर आले.

मी भंगाराच्या पिंपात पडले. वरून लोकेंद्रचा आवाज ऐकू यायचा. "बका, पाना दे," तो सवयीने म्हणायचा, मग स्वतःच उठायचा. माझ्यावर गंज चढत होता. लोकेंद्रला बकारामच्या गावाकडे जायला वाट नव्हती असे नाही, पण तो गेला नाही.

दिवाळीनंतर गावोगावी भरणाऱ्या मंडईच्या जत्रेचे दिवस होते. एका दुपारी बकाराम आला. कुणाला न विचारता त्याने पिंप उपसले, मला दुपट्ट्यात गुंडाळले आणि लोखंड कातणाऱ्या लेथवाल्याकडून नवी खुंटी बसवून आणली.

"पहिलीसारखी नाई झाली," मला लोकेंद्रपुढे ठेवत तो म्हणाला.

लोकेंद्रने खुंटीवरून अंगठा फिरवला. "त्या दिवशी लोकायसमोर मी बोलाले नव्हतं पायजे."

"मंग गावाकडे आला काऊन नाई?"

"हिंमत नाई झाली."

बकारामने शर्टाच्या बाह्या वर केल्या. "कोणती गाडी पाहून राह्यला?"

त्या दिवसापासून मी पुन्हा कामावर आहे. नवी खुंटी जाड आहे, म्हणून पिस्टनच्या खाचेत मी जरा तिरके बसते. मित्रांनो, अवजारे पुसून, तेल लावून ठेवा. काही अडले तर जोर वाढवण्याआधी आत काय झाले आहे ते बघा. मोडलेली खुंटी लेथवर एका दुपारी नवी करून मिळते. पण तिला तिथे नेणारा माणूस गॅरेजच्या दारापर्यंत यायला मात्र एक अख्खा पावसाळा जावा लागला.