तळ्यावरचा मेंढवाडा

बोरीची काटेरी फांदी दोराला बांधून बिराप्पाने तळ्यात लांब फेकली आणि दोर हळूहळू ओढायला सुरुवात केली. फांदीला गुंतून शेवाळाचा हिरवा, बुळबुळीत लोळ काठाशी आला. मांडीएवढ्या पाण्यात उभ्या असलेल्या बिराप्पाने तो दोन्ही हातांनी उचलून बाहेर टाकला. सकाळपासून काठावर ढीग साचला होता. पाणी मात्र जसंच्या तसं हिरवं.

बनुबाई रिकामी घागर कमरेवर घेऊन येऊन उभी राहिली.

"आवं मामा, परवाच समदं काढलं न्हवं का?"

"काढलं व्हतं की. पुन्यांदा आलं."

"वास तर बगा कसा मारतोय. फडक्यानं गाळून पेलं, तरी पोटात कळा. सून पोटुशी हाय, तिला कसं पाजायचं ह्ये? कड्याखालच्या झऱ्यावर जाती ती आता."

"वाट लय वंगाळ हाय त्येची."

"ठावं हाय. म्या खुरपाया गेले की तिलाच जावं लागतंय. लेक तिकडं लढाईवर, घरात आमी दोगीच."

बिराप्पाने पुन्हा फांदी फेकली. बनुबाई रिकाम्या घागरीनेच परत गेली.

माणदेशातल्या त्या वाडीला जवळचं पाणी असं ते एक तळंच. बिराप्पा तिथला नव्हता. जन्मभर तो मेंढरांमागे चालला होता. उन्हाळा लागला की पाटणच्या डोंगरांकडे जायचं, पावसाळ्यात परत फिरायचं. अशाच एका वाटेवर त्याची बायको मनुबाई तापाने गेली. पोरगा मुंबईच्या गिरणीत शिरला तो तिकडचाच झाला. मग बिराप्पाच्या गुडघ्यांनीही दगा दिला. तेव्हा तळ्याच्या वरच्या अंगाला ज्यांचं रान होतं ते लालासाहेब म्हणाले, "बस माज्या रानात मेंढरं घिऊन. मला खत मिळंल, तुला दाणे घालतो. खोपटं बांध." बिराप्पाने खोपटं बांधलं. आयुष्यात पहिल्यांदाच तो सलग दोन उन्हाळे एका जागी निजला. सकाळी उठून कुठे जायचं नसतं, हे सुख त्याला म्हातारपणी कळलं होतं.

तळं हिरवं व्हायला लागलं तेही त्याच दोन वर्षांत. आपल्याला जागा दिलेल्या गावासाठी एवढं तरी करावं म्हणून बिराप्पाच शेवाळ ओढायला उतरला होता.

त्या आठवड्यात अवकाळी एक सर आली. बिराप्पा खोपटाच्या दारात बसून होता. मेंढवाड्यातल्या लेंड्या कालवून काळं पाणी निघालं, उताराला लागलं आणि चरातून सरळ तळ्यात उतरलं. चार-सहा दिवसांनी बिराप्पा पाण्यात उतरला तर चराच्या तोंडाशीच शेवाळ सगळ्यात दाट. हात घातला तर मनगट दिसेना.

मुक्काम लांबला की आजूबाजूची डबकी हिरवी होतात, हे त्याने शंभरदा पाहिलं होतं. पण तेव्हा डबकं मागे टाकून पुढे जायचं असे.

त्याला कळलं, पण तो कुणाला बोलला नाही. बोललं की तिथून उठायला लागणार होतं. त्याऐवजी तो रोज फांदी फेकायला लागला, अंधार पडेपर्यंत.

बनुबाईची सून विजयमाला मेंढवाड्यावरूनच झऱ्याकडे जायची. पोट चांगलंच दिसायला लागलं होतं. लांबूनच ती हाक मारी, "बाबा, कुत्रं धरा वं!" बिराप्पा कुत्र्याला कवेत धरून बसे. परतताना ती न मागता त्याच्या तांब्यात झऱ्याचं पाणी ओते.

"ऱ्हाऊ दे पोरी. एवढं वजन चढून आन्तीस."

"तांब्याभरानं काय हुतंय? त्या हिरव्या पान्यात दिसभर उबं ऱ्हाता, प्यायला तरी चांगलं असूं दे."

तो ते पाणी प्यायचा. थंडगार असायचं. मग उठून पुन्हा फांदी फेकायला उतरायचा.

एका दुपारी कड्याकडून बायांचा आरडाओरडा ऐकू आला. झऱ्यावरून वर चढताना विजयमालाचा पाय निसटला होता. चौघींनी तिला उचलून घरी आणलं. ती वाचली. मूल वाचलं नाही.

दोन दिवसांनी बनुबाई घागर घेऊन तळ्यावर आली.

"पोरगा व्हता, मामा," ती म्हणाली. "आता लढाईवर त्येला काय म्हनून कळवायचं?"

बिराप्पाच्या हातातला दोर सैल झाला.

"बनुबाई, ह्ये शेवाळ माज्या मेंढरांनी आनलंय. लेंड्यांचं पानी उतरतंय. मला कवाच कळलं व्हतं. म्या बोललो न्हाई."

 बनुबाई घागर तिथेच टाकून ताडताड निघून गेली.

संध्याकाळी बिराप्पा लालासाहेबांच्या ओट्याखाली जाऊन उभा राहिला.

"मेंढरं हलवतो, लालासाब."

"का रं? कोन काय म्हनलं?"

"कुनी न्हाई. घाण समदी तळ्यात जातीया."

"आन माज्या रानाला खत? औंदा जवारी बगितलीस न्हवं? आरं, पाऊस पडला की तळं निवळंल."

"पाऊस पडला की आनिक उतरंल."

लालासाहेब पानाला चुना लावत होते. "बग बाबा. गेलास तर दाणे बंद. खोपट्यात दुसरा बसवीन. ह्या वयात माळावर मरशील."

"व्हय," बिराप्पा म्हणाला.

जिथलं पाणी तळ्यात उतरत नव्हतं अशा पलीकडच्या माळावर त्याने काट्यांचं कुंपण घातलं. तिथे सावली नव्हती. पहिल्याच महिन्यात लांडग्याने तीन मेंढ्या ओढून नेल्या. तरी एक दिवसाआड तो लंगडत तळ्यावर येई. चराच्या तोंडाशी त्याने दगड रचले, ओढ्यातला लव्हाळा उपटून आणून तिथे लावला, म्हणजे जे काही वाहून येईल ते त्यातच अडकावं. आणि फांदी फेकून शेवाळ ओढत राहिला.

एकदा दोर जड लागला. ओढता ओढता त्याचा गुडघा लचकला आणि तो पाण्यात बसला. कुणीतरी मागून दोर धरला. बनुबाई होती.  दोघांनी मिळून तो लोळ बाहेर काढला. दुसऱ्या खेपेलाही ती होती. त्यानंतरही येत राहिली, पण त्याच्याशी बोलली ती थेट पुढच्या पावसाळ्यात.

तळं एकदम निवळलं नाही. एक पावसाळा गेला, दुसरा गेला. लव्हाळा दाट माजला. शेवाळ कडेकडेने उरलं आणि मग तळाचे दगड दिसायला लागले. लढाई संपली, विजयमालाचा नवरा परत आला आणि तिला घेऊन मुंबईला गेला. लालासाहेबांना दुसरा मेंढका मिळाला नाही. वाडीतली माणसं म्हणायची, देवाला दया आली.

त्या वर्षी ऊन फार होतं. बिराप्पा उरलेली मेंढरं घेऊन दुपारचा तळ्यावर आला. काठावर एक नवी नवरी पाणी भरत होती.

"आवं म्हाताऱ्या!" ती ओरडली. "मेंढरं लांब धरा की! चांगलं पानी घाण करताय. गावाची काय कदर हाय का न्हाई तुमास्नी?"

"हाय बाई," बिराप्पा म्हणाला. "धरतो लांब."

त्याने मेंढरं वर बाभळीखाली हाकलली. मग बादली घेऊन खाली आला, भरली, आणि एक पाय ओढत चढ चढू लागला. मेंढरांनी तोंडं घातली, बादली रिकामी झाली. तो पुन्हा खाली निघाला.