पंखा बंद करा

कौसल्याआक्का कुणाच्या मयताला गेल्या की दारातूनच पहिलं वाक्य टाकायच्या, "पंखा बंद करा." रडणं-बिडणं नंतर. गेलेल्या माणसाचे डोळे वाऱ्यानं सुकतात आणि सुकलेले डोळे कुणाच्या कामाला येत नाहीत, हे त्यांनी बदनापूरच्या एका शिबिरात ऐकलं आणि पुढं पंधरा वर्षं आजूबाजूच्या गावांचं डोकं खाल्लं. मयताचं डोकं उशीवर उंच करायचं, मिटल्या पापण्यांवर ओला कापूस ठेवायचा, डॉक्टरांना फोन लावायचा आणि गाडी येईपर्यंत घरच्यांच्या शिव्या खायच्या. तीन पोरी उजवून, अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याचं अकरा वर्षं सगळं करून बाईनं हा उद्योग सांभाळला. चाळीस घरांनी त्यांच्या शब्दावर डोळे दिले. त्या प्रत्येक घरी त्यांना मोटारसायकलवरून नेणारा माणूस म्हणजे त्यांचा मुलगा मच्छिंद्र.

आज आक्कांचं वर्षश्राद्ध होतं. अंगणात मांडव, हार घातलेला फोटो, भाड्याचा माइक. जो उठेल तो म्हणत होता, "जन्मभर दिलं आन् जाताना सोताचे डोळेबी देऊन गेली." दर वेळी मच्छिंद्र फोटोवरची नजर काढून घेत होता. कारण आक्कांचे डोळे कुणालाच दिले नव्हते.

सकाळी अकराला माय गेली तेव्हा घरात तो आणि मावशी दोघंच होते. सगळं गाव कापूस वेचायला रानात. त्यानं फोन काढला तसा मावशीनं हात धरला. "पुढच्या जन्मी आंधळी यील रे तुझी माय." हे वाक्य मच्छिंद्रनं चाळीस घरांत ऐकलं होतं. त्याचं उत्तर त्याला तोंडपाठ होतं. पण ती सगळी दुसऱ्यांची माणसं होती. ही त्याची माय होती, आणि ती कुठंतरी अंधारात चाचपडतेय असं त्याला समोर दिसायला लागलं. डोळे सहा तासांत काढावे लागतात. तो फोन हातात धरून बसून राहिला. दुपारनंतर गाव जमलं, कुणीतरी विचारलं, आणि तो बोलून गेला, "डॉक्टर येऊन गेले." आक्कांच्या घरात ही गोष्ट खोटी असेल असं कुणाच्या मनात येणार?

"मच्छिंद्रभाऊ कोणचे?"

मांडवाच्या तोंडाशी एक दाढीवाला माणूस उभा होता. बरोबर विशीतली पोरगी, हातात गुलाबाची फुलं. "मी याकूब, घनसावंगीहून आलो. ही माझी नाजिया. गेल्या साली आक्का गेल्या ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी हिचं ऑपरेशन झालं. दवाखानेवाले नाव सांगत न्हाईत. पर आम्ही तारीख लावून पाह्यली, बराबर जुळून राह्यली."

 मच्छिंद्रची सुटका तर अगदी सोपी होती. मान हलवायची, हात जोडायचे, संपलं. कोण शोधायला जाणार? मांडवातल्या बायका आत्ताच पदर डोळ्यांना लावायला लागल्या होत्या.

फक्त दैवशालाकाकू रडत नव्हती. शेजारची ही बाई. तिचा नवरा गेला तेव्हा तिनं आक्कांना आधी चपलेनं हाणायची भाषा केली होती आणि घटकाभरानं कागदावर सही केली होती. ती मच्छिंद्रकडं टक लावून बघत होती. हिला माहीत आहे, असं त्याला वाटलं.

नाजिया फोटोपुढं गेली. तिनं तळहातानं उजवा डोळा झाकला आणि डाव्या डोळ्यानं आक्कांकडं बराच वेळ पाहिलं.

"याच्यानंच दिसतं," ती म्हणाली. "दुसऱ्या डोळ्याचा नंबर लागायचाय अजून. कोणी देऊनच न्हाई राह्यलं." मग ती मच्छिंद्रकडं वळली. "भाऊ, मी यांना अम्मी म्हणलं तर चालंल ना?"

कुठल्यातरी घरात खरंच कुणीतरी पंखा बंद केला होता, रडत रडत सही केली होती. त्यांची फुलं ही पोरगी त्याच्या अंगणात घेऊन आली होती. मच्छिंद्रला स्वतःची भयंकर किळस आली.  त्यानं माइकची दांडी धरली ती आधाराला, पण आवाज सगळ्या मांडवात गेला.

"ते मायचे न्हाईत, ताई. मी दिलेच न्हाईत. फोनच लावला न्हाई. मी भ्यालो."

 आचाऱ्याचा झारा थांबला. मावशीनं मान खाली घातली. नाजियानं बापाकडं पाहिलं, मग हातातल्या फुलांकडं.

"मंग हे कुठं ठेवू?" तिनं विचारलं.

"तिथंच ठेव बाई," दैवशालाकाकू उठत म्हणाली. "ज्यांनी कोणी दिले आसतील, त्यांच्या दारातबी आक्कासारखीच कोणी भांडली आसंल." मग ती मच्छिंद्रकडं वळली. "त्या दिवशी रानातून पहिली मीच आल्ते. एक वाजला होता. पंखा गरगर फिरून राह्यलता, कापूस न्हाई, काही न्हाई. मीच बंद केला पंखा."

"म्हणजे तुला ठावं होतं, काकू?"

"चार तास होते रे अजून हातात. नंबर होता माझ्याकडं. नवऱ्याच्या वेळंला तुझ्या मायनंच लिहून दिलता." तिनं पदर तोंडाला लावला. "पर मलाबी वाटलं, आक्का आंधळी जन्मली तर?"

 नाजियानं फुलं फोटोपुढं ठेवली, ओढणी नीट केली आणि बापाचा हात धरून उजव्या बाजूला चाचपत मांडवाची पायरी उतरली.